पान अठ्ठेचाळीसनंतर

वही लिहायची ती रोज रात्री, पण आज दुपारीच उघडली. रात्रीपर्यंत दम निघणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाइंडर आहेत. त्यांच्या बोटांवरचा गोंद कधी निघत नाही, म्हणून सगळे त्यांना गोंदकाकाच म्हणतात. प्रार्थनाघरातली पुस्तकं गेली चाळीस वर्षं तेच बांधतात. लहानपणी वडिलांनी दम दिला होता, पुस्तक बांधायचं, वाचत बसायचं नाही, वाचायला लागलास की काम तुंबलं. ते त्यांनी इतकं पाळलं की प्रार्थनेच्या रांगेत उभे राहूनही नुसते ओठ हलवतात. स्वभाव तिखट. चौदा वर्षांपूर्वी पानं उलटसुलट लागली म्हणून चाळीस प्रार्थनापुस्तकं परत आली. त्यांनी ती नीट पाहिलीही नाहीत. रागाच्या भरात दुसऱ्या बाइंडरकडे उसवायला धाडली आणि सगळं खापर धाकट्या भावावर फोडलं. भाऊ आपली सुई आणि दोरा घेऊन निघाला आणि समोरच्या फुटपाथवर वेगळं दुकान थाटून बसला. दोघं रोज एकमेकांचं शटर उघडताना बघतात, बोलत नाहीत.

माझं पुस्तकही त्याच वेळचं. रोज सकाळी अंघोळ झाली की मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणते. एक दिवस चुकलेला नाही, आणि हे चारचौघांत सांगायला मला कालपर्यंत फार आवडायचं. आज शिवण सुटलेली दिसली, म्हणून जेवणं आटोपून ते घेऊन दुकानात गेले.

गोंदकाकांनी पुस्तक हातात घेतलं आणि तसंच धरून बसले.

“ताई, एक विचारतो. हसायचं नाही.”

“विचारा की.”

“परवा प्रार्थनेला उभा होतो आणि सगळं लक्ष पुढच्याच्या सदऱ्याच्या उसवलेल्या कॉलरकडे. मग वाटलं, हजारो पुस्तकं बांधली, पण मी देवाशी बोलतो म्हणजे नेमकं काय बोलतो, तेच मला ठाऊक नाही. तुम्ही रोज वाचता. अर्थ सांगा ना.”

मला अगदी धन्य वाटलं. स्टुलावर ऐसपैस बसले, पुस्तक त्यांच्याकडून घेऊन उसवलं होतं तिथेच उघडलं आणि सुरू केलं. माझा वेग बघून त्यांनी हात वर केला.

“सावकाश. दूध उतू चाललंय का?”

खरं सांगायचं तर रोज चाललेलंच असतं. एक डोळा पानावर, एक शेगडीवर. आज पहिल्यांदा एकेक ओळ थांबून वाचू लागले, आणि अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर आले. ‘आमच्या हातून ज्याचा अपराध झाला, त्याच्याबद्दल आम्ही’. शेजारच्या पानावर गेले. ‘तुझे आभार मानतो.’

“अपराध केल्याबद्दल आभार?” गोंदकाका म्हणाले. “देव बराच दिलदार दिसतो.”

मी पुन्हा वाचलं. तेच. चौदा वर्षं रोज सकाळी मी हेच म्हणत होते, तेही हात जोडून.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पानाच्या तळाचा बारीक आकडा बघितला. “सोळा पानांची ही घडी, आम्ही फर्मा म्हणतो. तिसऱ्यामागे चौथा हवा. इथे पाचवा शिवलाय.” भराभर पानं चाळून त्यांनी एकोणपन्नासावं काढलं. “आता वाचा.”

‘आधी त्या माणसाच्या दारात जाऊ, आणि मगच तुझ्या.’

“परत वाचा.”

तीनदा वाचलं. पाठ असलेली ओळ, पण कुणीतरी आत्ताच माझ्याकडे बघून म्हणाल्यासारखी.

गोंदकाका मात्र वेगळ्याच विचारात होते. “म्हणजे हेही त्याच गठ्ठ्यातलं. मग हे परत कसं नाही आलं?”

“मला कळलंच नाही.”

“रोज वाचत होतात ना?”

“म्हणत होते,” मी म्हटलं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यांनी सुरी घेतली आणि पाठीचं कापड अलगद सोडवलं. फर्मे ज्याने क्रमाने लावले त्याने पहिल्या घडीवर पेन्सिलीने खूण करायची, ही त्यांच्या दुकानाची रीत. थोरल्याची रेघ, धाकट्याचं टिंब. आत रेघ होती.

त्यांनी शिवणीचा उरलेला दोराही कापला. मग सुटे फर्मे छातीशी धरून उठले. “चला.”

“कुठे?”

“तुम्हीच वाचलंत ना आत्ता?”

चप्पल एका पायात आणि एक हातात, अशी मी त्यांच्यामागे धावले. रस्ता दहा पावलांचा, पण वाटलं जत्थाच निघालाय. धाकटा एका वहीला टाके घालत होता. गोंदकाकांनी घडी त्याच्यापुढे ठेवली आणि रेघेवर बोट टेकवलं.

“मीच लावले होते,” ते म्हणाले. “चूक माझी होती.”

धाकट्याने मान वर केली नाही. “माहीत होतं मला, दादा.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? तू सांगून मोकळा झालास.”

गोंदकाका तिथेच पायरीवर बसले. “माफ कर,” ते म्हणाले. मला वाटलं आता हाकलून देणार. धाकट्याने फर्मे ओढून घेतले, चौथा उचलून जागेवर ठेवला आणि सुईत दोरा ओवायला लागला. “शिवण माझी असेल,” तो म्हणाला. “तू फक्त गोंद लाव. आणि बेताने, दर वेळी बरबटवतोस.”

“तू शिवायच्या आधी,” गोंदकाका म्हणाले, “ताईंना पन्नासावं पान वाचू दे. पुढे काय लिहिलंय?”

वाचलं. दोघंही काम थांबवून ऐकत होते. मीही ऐकत होते.

घरी आले तर हे म्हणाले, “पुस्तक कुठाय? उद्या सुट्टी का देवाला?”

पुस्तक परवा मिळणार. उद्या सकाळी हात रिकामे असतील, आणि काय बोलायचं ते माझं मलाच शोधावं लागेल. कधी उजाडतंय असं झालंय.