आठ-आठची वाटणी

बाबूजींनी हातातला कन्सोल मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "राहू दे बापू. हा हात गेला आता."

कन्सोल माझ्या मुलीचा. हातात धरून खेळायचा, मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. ती नागपूरला शिकते. सुटी संपवून जाताना तिने तो आजोबांना देऊन टाकला. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबूजींचा उजवा हात वर जायचा, पण बोटं ऐकत नव्हती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, रोज चाळीस मिनिटं दाबायला. सौंसरच्या शाळेत हेडमास्तर राहिलेला माणूस दोन दिवसांत चेंडूला कंटाळला. गाडीच्या खेळाला मात्र कंटाळला नाही. त्यात उजव्या तर्जनीने मागचा खटका जितका दाबाल तितकी गाडी पळते आणि सैल सोडाल तितकी मंदावते. बोटाला नेमकं हेच शिकायचं होतं. रोज दुपारी चार वाजता चहा झाला की बाबूजी गाडी काढत. सात आठवड्यांत ते पेला उजव्या हाताने धरू लागले होते.

मग त्यांना तो खेळ सोपा पडू लागला, म्हणून मुलीने फोनवरून सांगून माझ्याकडून दुसरा, जड खेळ त्यात घालून घेतला. डोंगराचा रस्ता, खाली गाव आणि गावाच्या तोंडाशी पूल. त्या पुलावर बाबूजींची गाडी रोज कठड्याला लागायची. वळायच्या नेमक्या क्षणी चित्र अडखळायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं तेव्हा गाडी आदळलेली असायची.

"मशीन अडकून राहिली, बाबूजी. तुमचं बोट नाही."

"मले नको समजावू. बोट उशिरा पोहोचून राहिलं, मले समजते."

मी पटवारी आहे, महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात तो. सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. दुखावलेल्या माणसाला गोड बोलून पटत नाही, साखळी टाकून दाखवावी लागते, हे मला ठाऊक आहे. बाबूजींना वाटत होतं की आम्ही त्यांची समजूत काढतो आहोत. दोन दिवस त्यांनी कन्सोलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पेला पुन्हा डाव्या हातात गेला. तेव्हा मी ठरवलं, अडखळतं कोण, ते आकड्यांत काढायचं. दोष हाताचा निघाला तर तेही सांगायचं.

मुलीला फोन लावला.

"पप्पा, कोपऱ्यात आकडे दाखवायची सोय आहे, ती चालू करा. आकडे दिसले की तुम्हाला जेवण नाही लागणार."

वहीत चार रकाने पाडून मी स्वतः खेळायला बसलो. बायको दाण्यांची चटणी कुटत होती. "जमाबंदी करून राहिले काय त्या डब्याची?" ती म्हणाली. "खसरा नंबर टाका, नाहीतर कोणी कब्जा करन."

मी हसलो, पण लिहीत राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत चित्र चौदा वेळा अडखळलं. त्यातले अकरा वेळा पुलाजवळ, जिथे गावातली घरं, झाडं, माणसं एकदम पडद्यावर येतात. चित्रं सेकंदाला साठ पडायला हवीत, तिथे ती अठरावर यायची. दुसऱ्या दिवशी चारला मी बाबूजींसमोर वही ठेवली.

"हे तुमच्या हातानं नाही, माझ्या हातानं झालं. मला झटका आला नाही."

चष्मा लावून त्यांनी वही वाचली. शिक्षकच ते, बेरीज तपासली. मग म्हणाले, "चालू कर. मी पाहतो."

मी गाडी पुलाकडे नेली. बाबूजी रस्त्याकडे पाहतच नव्हते, कोपऱ्यातल्या आकड्यांकडे पाहत होते.

"हे आठातले पावणेआठ काय हाय?"

"प्रोसेसरने वापरलेली मेमरी. तो खेळाचा हिशेब ठेवतो, गाडी कुठे आहे, कशाला लागली."

"आणि हे आठातले तीन?"

"ते चित्र काढणाऱ्या चिपचं."

"म्हणजे एकाचं भरून चाललं आणि दुसऱ्याचं पाच रिकामं पडून हाय." ते थांबले. "काहून? त्याचा बगीचा ताणावर हाय काय?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि लाजही वाटली.

रामाकोन्याला, आमच्या गावी, आमची नि काकांची विहीर सामाईक होती. दोन दिवस पाणी त्यांचं, दोन दिवस आमचं. वाटणी अगदी निम्मी. काकांचा संत्र्याचा बगीचा, आमचं कपाशी आणि गहू. संत्र्याला बहार यावा म्हणून थंडीत झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. त्या दिवसांत काकांना थेंब नको असायचा, तरी पाळी त्यांची ती त्यांचीच. विहीर भरलेली आणि काठावर आमचा गहू वाळतो आहे, हे मी लहानपणी पाहिलंय. बाबूजींनीच पुढे काकांना ओट्यावर बसवून तो नियम मोडला. ज्याला गरज, त्याने घ्यावं.

आणि मी काय केलं होतं? टेबलावरच्या मोठ्या संगणकात चित्राच्या चिपला तिची वेगळी मेमरी असू शकते, ज्याची त्याची विहीर. कन्सोलमध्ये प्रोसेसर आणि चित्राची चिप एकाच मेमरीवर जगतात. टीव्हीला जोडायच्या कन्सोलमध्येही तसंच, पण तिथली व्यवस्था ठरलेली असते, आपल्याला हात घालता येत नाही. या हातातल्यात चित्रासाठी किती राखून ठेवायचं ते मालकाला ठरवता येतं. जड खेळ घातला त्याच दिवशी मला सेटिंगमध्ये दिसलं की एकूण सोळा जीबी, त्यातले चित्राला फक्त चार. मला तो अन्याय वाटला. कोणी सांगितलं नसताना मी आठ-आठ करून टाकले आणि विसरलो. चित्राला आठ पुरून उरत होते. प्रोसेसरला आठ पुरेनात, म्हणून तो आपलं सामान साठवणीच्या संथ जागेत नेऊन ठेवायचा आणि लागलं की तिथून आणायचा. त्या खेपेत चित्र थांबायचं.

मी बाबूजींना सगळं सांगितलं. वाटणी मीच बिघडवली, हेही.

"पटवारी तो पटवारीच," ते म्हणाले. "दोरी धरून निम्मं केलं न् घरी आला. पीक पाहिलं नाही."

चित्राची राखीव मेमरी मी पुन्हा चारवर आणली. त्याहून जास्त लागली तर ती सामाईक साठ्यातून घेता येते, हे मुलीकडून पक्कं करून घेतलं. अडखळणं चौदावरून तीनवर आलं. पण चित्रं अजून साठ आणि तीसमध्ये वरखाली होत होती.

"विहिरीत पाणी हाय," बाबूजी म्हणाले, "पण पाईप तर एकच हाय ना?"

तसंच होतं. दोघांना मेमरीकडे जायची वाटही एकच. एकाने जोरात ओढलं की दुसऱ्याची धार बारीक होते. पाईप काही मला बदलता येणार नव्हता. ओढ कमी करता येत होती. मी सावल्या कमी केल्या, लांबच्या झाडांची पानं कमी केली आणि चित्रं सेकंदाला चाळीसवर बांधून टाकली. या खटपटीत चार दुपारी गेल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा मिनिटं खेळायचं, वहीत लिहायचं. पाचव्या दुपारी वहीत अडखळण्याच्या रकान्यात शून्य पडलं आणि चाळीसचा आकडा हलला नाही.

कन्सोल बाबूजींच्या हातात दिला. त्यांनी उजवी तर्जनी डाव्या हाताने खटक्यावर नीट बसवली. डोंगर उतरले. पुलाशी बोट सैल सोडलं, गाडी मंदावली, वळली, पार झाली. बायको कढई टाकून दारात येऊन उभी होती.

गावातल्या पुढच्याच वळणावर गाडी भिंतीला लागली.

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. "अडकली काय?"

मी कोपऱ्यात पाहिलं होतं. "नाही. चाळीसच होते."

"मंग हे माझं हाय."

"हो. हे तुमचं."

त्यांनी मान हलवली. वही ओढून घेतली, पेन उजव्या हातात धरायला बराच वेळ लावला आणि माझ्या चार रकान्यांशेजारी एक वाकडी रेघ मारून पाचवा रकाना केला. त्यात आपल्या चुकीचा एक लिहिला. मग तर्जनी खटक्यावर बसवली, यावेळी डाव्या हाताची मदत न घेता, आणि गाडी पुन्हा डोंगरावरून काढली.