एका घराचे दोन फॉर्म

मी पदवीला होतो तेव्हा आमच्या सरांनी जवळा बाजारच्या आसपासच्या काही गावांत घरोघरचं उत्पन्न विचारायचं काम काढलं होतं. त्यात आमचंही गाव होतं. फॉर्म भरणाऱ्या पोरांमध्ये मी होतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गळ्यात ओळखपत्र घालून स्वतःच्या गावात फिरताना फार बरं वाटायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच गावांत तोच सर्व्हे पुन्हा करायचं ठरलं, तोवर मी सरांकडे पगारावर काम करू लागलो होतो. हे सगळं मोठ्या भावामुळे झालं. तो दहावीनंतर शेतात राहिला म्हणून मला शिकता आलं. हे मी विसरलेलो नाही. घरखर्चाचे पैसे दर महिन्याला त्याच्याच खात्यावर टाकतो.

सरांना सरासरी नको होती. दोन नोकऱ्यांची चार घरं असली की सरासरी उगाच फुगते. गावातली सगळी घरं कमाईप्रमाणे कमीपासून जास्तीपर्यंत ओळीत लावायची आणि बरोबर मधल्या घराचं उत्पन्न घ्यायचं. तेव्हाचं मधलं घर आणि आताचं मधलं घर ताडून पाहायचं. आणि घर म्हणजे एक चूल. अंगण एक असो की तीन, एका चुलीवर जेवणाऱ्यांचा एक फॉर्म.

स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, असा नियम होता. या वेळी आमच्या घरी माझी सहकारी गेली. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसायचो. दुपारी तिथे येऊन तिने कागद माझ्यापुढे ठेवले.

“दादा, तुमच्या घरचे दोन झाले.”

“दोन कसे? तुम्ही शेजारचं घर धरलं असेल.”

“चूल विचारूनच लिहिलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “एकदा बघून घ्या.”

पहिल्यावर भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं होती. दुसऱ्यावर फक्त माझे आई-वडील. वडिलांचा व्यवसाय: शेतमजुरी. आईचा: कापूस वेचणी, रोजाने. बाहेरगावच्या मुलाकडून येणारे पैसे: काही नाही. मी तो कागद तीनदा वाचला. नाव, वय, सगळं बरोबर होतं. आमची स्वतःची शेती असताना वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात, हे मला एका छापील रकान्यातून कळत होतं.

तसाच उठून घरी गेलो. गोठ्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आई भाकरी थापत होती. शेजारी दोन ताटं, एक तवा, तिखट-मिठाचे डबे. दिवाळीत मी आलो तेव्हा या शेडच्या दारात सोयाबीनची पोती रचलेली होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

तिला लगेच समजलं. “दोन साल झाले.”

“दिवाळीला तर सगळे एकत्र जेवलो आपण.”

“तू येतो तवा एकाच ठिकाणी जेवतो आमी. पोती तेवढ्यासाठीच लावली होती.”

“मला काहून सांगितलं न्हाई?”

“सांगून काय? उगं तकलीफ करून घेतली असती. तुझ्या वहिनीला तिचं बघू दे, मला माझं.”

तेवढ्यात भाऊ आला. मोटारसायकल उभी करत म्हणाला, “काय साहेब, आमच्या चुली मोजून झाल्या का?”

“मी पाठवतो ते पैसे कुठं जातात?”

“लेकरांच्या फीला जातात. शाळेच्या गाडीवाल्याला जातात.” तो हसायचा थांबला. “मी शाळा सोडली तवा तू हिशोब इचारला नव्हता.”

तो आत निघून गेला.

आईने पिठाचे हात पुसले. “त्या पोरीला सांगून एकच फॉर्म कर. माय चुकून बोलली म्हण. तुझे सर वाचतील. शिकलेल्या पोराचे मायबाप रोजानं जाऊन राहिले, असं म्हणतील. नाव तुझं खराब होईल बाबा.”

वडील बाजेवर पडून होते. ते एवढंच म्हणाले, “तिनं इचारलं, आमी खरं सांगितलं.”

एक फॉर्म करणं अवघड नव्हतं. दोन बेरजा एकत्र करायच्या आणि एक कागद फाडायचा. तसं केलं असतं तर आमचं घर मधल्या घराच्या बरंच वर गेलं असतं, आणि सरांनी ते आनंदाने वाचलं असतं. मी व्हरांड्यात परत आलो. दुसऱ्या फॉर्मवर दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मुलाच्या पैशांचा रकानासुद्धा बरोबर होता. दोन्हींवर तपासल्याची सही केली आणि सहकारी मुलीसोबत गावातले सगळे फॉर्म ओळीने लावायला घेतले. भावाचं घर मधल्याच्या वर राहिलं. आई-वडिलांचं घर शोधायला खालून फार मोजावं लागलं नाही.