बॉयलरवरच्या वहिनी

“भाऊ, वाफ लई ओढताय आज. तुमच्या प्लेटांवर थर धरलाय बघा.”

सकाळच्या चहाला आल्या की वहिनींचं पहिलं वाक्य हेच. मंचरजवळच्या दूध डेअरीत त्या बॉयलर सांभाळायच्या आणि मी दूध तापवायच्या मशीनवर होतो. मशीनच्या प्लेटांवर दुधाचा थर बसला, की तेवढंच दूध तापवायला जास्त वाफ लागते. मीही सोडायचो नाही. धुराड्याची गरमी दाखवणारा काटा वर सरकला, की म्हणायचो, तुमच्याच नळ्यांत क्षार बसलेत, गरमी पाण्याला न मिळता धुरातून चाललीय. सुट्टीला मशीन आणि बॉयलर उघडला, की थर दोन्हीकडं निघायचा. मग वहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्यांचे यजमान बेल्ह्याकडून दुधाचा टँकर घेऊन यायचे. आत शिरताना उगाच हॉर्न वाजवायचे. वहिनी बाहेर यायच्या नाहीत, फक्त खिडकीची काच पुसायला घ्यायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं, काच स्वच्छच असायची.

त्या आठवड्यात धुराड्याचा काटा बराच चढला होता. रविवारी नळ्या साफ करायचं ठरलं होतं.

त्याआधीच एका दुपारी त्यांच्या दिराचा फोन माझ्याकडं आला. वहिनी कामावर फोन जवळ ठेवत नसत. आळेफाट्याच्या अलीकडं टँकर उलटला होता. दादाला दवाखान्यात नेलंय, शुद्धीत आहे, वहिनीला लगेच आणा, असं तो म्हणाला.

मी जाऊन सांगितलं. वहिनी दारापर्यंत धावल्या आणि थांबल्या. मागं भट्टी भरून पेटलेली होती. नळ्यांत क्षार असताना पाणी जरा कमी पडलं, तरी नळी फुटायची भीती. भिंतीपलीकडं पॅकिंगच्या बायका बसलेल्या. पुढच्या पाळीचा माणूस टँकरमुळं तुंबलेल्या रस्त्यातच अडकला होता.

मी बघतो, तुम्ही निघा, असं मी म्हणालो.

“तुमाला ह्याची सवय न्हाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पलीकडं बायका हायेत.”

भट्टीतला जाळ त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढला. मग दाब उतरेपर्यंत बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेसमोर उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते, पण नजर काचेवरून हलली नाही. मधूनच पुटपुटायच्या, “आलेच. आलेच मी.”

मी त्यांना मोटरसायकलवरून नेलं. रस्त्यात गाड्यांची लांबच लांब रांग होती आणि खोळंबलेली माणसं टँकरवाल्याला शिव्या देत होती. वहिनींनी माझा खांदा घट्ट धरला.

आम्ही पोचलो तेव्हा दीर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. तो उठला नाही. थोड्या वेळापूर्वीपर्यंत दादा ‘ती आली का’ विचारत होता, एवढंच बोलला. वहिनी आत गेल्या.

पुन्हा त्या डेअरीत आल्या नाहीत. तेराव्यानंतर पॅकिंगच्या बायका बेल्ह्याला निघाल्या, तेव्हा मीही गेलो. ओसरीवर सगळ्या खाली माना घालून बसल्या. त्यांच्यातली थोरली काही बोलायला गेली, पण तिला हुंदका आवरेना. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रोज भिंतीपलीकडं बसायच्या तुमी,” त्या म्हणाल्या, “पण मी नावं कधी इचारली न्हाईत.”

मग एकेकीपुढं बसून त्यांनी नाव विचारलं, आणि प्रत्येक नाव हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं.