धुक्यातली दुसरी मोटर

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात भूतखेत, करणी असलं काही कधी नव्हतंच. आजोबांपासून सगळे विहारात जाणारे आणि 'पुरावा काय?' विचारणारे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

लोहा तालुक्यात, धरणाच्या पाण्याला लागून माझ्या मावशीचं गाव आहे. दिवाळीआधी तिथं गेले होते. सकाळी सोयाबीन काढताना मावशीला साप चावला. पुरानं रस्ता खचलेला. ॲम्ब्युलन्स पाण्याच्या पलीकडच्या काठापर्यंतच येणार होती. मावशीचा मुलगा प्रकाश मासे धरतो, त्याच्या नावेला मोटर आहे. मावशीला नावेत निजवलं आणि निघालो.

मध्यावर धुकं एवढं दाट, की पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं तेच कळेना. आणि तिथंच मोटर बंद पडली.

प्रकाश दोरी ओढत राहिला. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला, चोक ओढला, पुन्हा दोरी. नुसती फुरफुर... मावशीच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

"ताई, आईला बोलती ठेव," तो म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या धुक्यातून आवाज आला — "प्लग ओला झालाय, ताई! लई पेट्रोल गेलंय आत. चोक बंद कर."

आवाज प्रकाशचा होता. आणि प्रकाश तर माझ्यासमोर, तोंड मिटून!

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यानं पाना घेऊन प्लग काढला. पेट्रोलनं निथळत होता. शर्टाला पुसता पुसता त्याच्या तोंडून निघालं, "प्लग ओला झालाय, ताई! लई पेट्रोल गेलंय आत. चोक बंद कर."

शब्दाला शब्द तेच. मी वर्गात प्रतिध्वनी शिकवते... तो आधी येत नसतो.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. सगळं मऊ, संथ झालं होतं. दूर तिकडं एक मोटर सुरू झाली, मग एक बाई हसली — अगदी मावशीसारखी. प्रकाशनं प्लग बसवून दोरी ओढली आणि आमचीही मोटर लागली. त्या दूरच्या मोटरच्या आवाजाच्या रोखानं गेलो ते थेट ॲम्ब्युलन्सच्या समोर. काठावर दुसरी नाव नव्हती.

"सकाळपासून तुमचीच पहिली," ड्रायव्हर म्हणाला.

मावशी वाचली. दवाखान्यात तिला मी मोटरचं सांगितलं, तर तिलाच नवल वाटलं.

"बंद? कव्हा? न्हाई गं बाई, लगेच चालू झाली की. तुम्ही दोघं मागं धुक्यात ऱ्हायला होता... मी हसत हसत तुमाला हाका मारीत होते."

विषामुळं भास झाला असेल, असं डॉक्टर म्हणाले. मावशीपुरतं मी ते मानतेही. पण विष तर तिला चढलं होतं... आम्हा दोघांना नाही.