आरशामागचा डबा

ऑफिसात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. इंटरनेटची तक्रार आली की बाकीचे नेटचा डबा बंद-चालू करून दहा मिनिटांत मोकळे. हा आधी घरभर नजर फिरवणार, कपाट कधी हलवलं ते विचारणार. पण शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या घरी त्याची सावकाशीही दोनदा फसली. दोन्ही खेपांना ऑफिसने सकाळी पाठवलं, तर नेट अगदी सुरळीत. “ठीक आहे” लिहून तो परतला, की संध्याकाळी मावशींचा फोन हजर: “पुन्हा अडकलं!”

मावशींची धाकटी बहीण परगावी. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. दोघींचं बोलणं हातांचं, लहानपणी दोघींनीच जुळवलेलं. तिसऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रोज चारला मोबाइलवर एकमेकींना बघत बोलायच्या, आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजायचं. उद्या सकाळी बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आज चारचा फोन त्याआधीचा शेवटचा.

म्हणून आज तो कुणी न पाठवता पावणेचारलाच गेला.

“आलात? पुन्हा ‘ठीक आहे’ लिहायला?” मावशींनी दारातच टोला हाणला.

“आज काही लिहीत नाही, मावशी. तुम्ही रोज करता तसंच करा. मी बसतो कोपऱ्यात.”

मावशींनी मशीन झाकलं, खुर्ची ओढली. मग आतून चाकांचा उंच आरसा ढकलत आणला आणि भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यापुढे उभा केला.

“हा कशाला?”

“अहो, बहीण म्हणते हात काळोखात दिसतात. खिडकीचा उजेड पडतो ह्यातून. बोलणं झालं की परत आत.”

त्याने कपाळावर हात मारला. “मावशी, आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. नेट त्यावर आपटून मागे फिरतं. मी सकाळी यायचो तेव्हा हा आत असायचा!”

मावशी आरशाकडे वळल्या. “म्हणजे तिच्यासाठी म्हणून केलं, आणि मीच आड आले?”

तेवढ्यात फोन वाजला, आणि मावशींनी उचलताच चित्र थिजलं. त्याने आरसा बाजूला ढकलला. चित्र स्वच्छ झालं, पण मावशींचे हात काळवंडले. आरसा दुसरीकडे फिरवून पाहिला, तर उजेड पडेना. पलीकडे बहीण डोळे बारीक करून बघत होती.

त्याने मशीनवरचं पांढरं अस्तर उचललं आणि दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरलं. मावशींची बोटं उजळली.

पाऊण तास बोटं पळत राहिली. मध्येच मावशींनी दोन्ही हात छातीशी जोडले, पलीकडूनही जुळले. एवढं मात्र त्यालाही कळलं. त्याचे खांदे भरून आले, तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.

शेवटी बहिणीने त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. मावशी डोळे पुसता पुसता हसल्या.

“काय म्हणाल्या?”

“म्हणते, शुद्धीवर आले की पहिला फोन मलाच करणार. आणि तेव्हा कापड धरायला हाच माणूस हवा.”

“येतो,” तो म्हणाला. “येताना लांब वायर आणतो, डबाच हलवू. पण कापड धरतो, त्यांना सांगा.”