घाटावरून बोलता येणारा फोन

मोबाइलच्या आधीची गोष्ट. वाईच्या आमच्या घरात कॉर्डलेस फोन आला, तो माझ्या हुशारीनं.

आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं. ती आतल्या खोलीत आणि फोन बाहेरच्या. धाकटा भाऊ फौजेत. त्याची तुकडी वर सीमेकडं निघाली होती, तिथं फोन नाही. निघण्याआधी रविवारी शेवटचा फोन करतो, आईशी बोलायचंय, असा त्याचा निरोप आला.

बायको म्हणाली, लांब वायर आणा आणि आहे तोच फोन आत न्या. मी हसलो. सांगलीच्या दुकानदारानं मला सांगितलं होतं, मशीन घरी ठेवा आणि हँडसेट घेऊन नदीपलीकडच्या घाटावर बसून बोला. मला ते लगेच पटलं. घाटावर बसून मी बोलणार कुणाशी, हे काही सुचलं नाही.

फोन घरी आला, तशी आधी त्याला हळदकुंकू वाहा, आईनं आतून फर्मावलं. हँडसेटच्या बुडाशी पितळेच्या दोन टिकल्या होत्या. जागा जणू त्यासाठीच केलेली. मी नेमकी तिथंच बोटं टेकवली. रात्रभर चार्जिंगला ठेवलेला हँडसेट सकाळी ठार. मी माहितीपुस्तक दोनदा वाचलं, एरियल उपसली. शेवटी बायकोनं घासलेटाच्या बोळ्यानं टिकल्यांवरचं कुंकू पुसलं आणि चार्जिंगचा दिवा लागला.

पण माजघर ओलांडलं की नुसती खरखर. भिंती दगडी, हातभर जाड, मध्ये धान्याची पत्र्याची कोठी. कोठी सरकवली. मशीन कपाटावर चढवलं. कपाट लोखंडी आहे हे ध्यानात यायला दुपार झाली. मग निमूटपणे वायर आणायला निघालो, तर रविवारचं गावातल्या दुकानाला कुलूप.

परत येतोय तोच फोन वाजला. हँडसेट घेऊन आत पळालो. आईनं तो कानाला लावला, "बोल रं" म्हणाली आणि ऐकत राहिली. ऐकायला काहीच नव्हतं. मी तो काढून घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर आलो. तिथवर आवाज पोचत होता. भाऊ हॅलो हॅलो करत होता. त्याच्यामागं रांगेतले लोक घाई करत होते. मग त्याचं एकेक वाक्य मी आईला ओरडून सांगू लागलो. बरा आहे. थंडी लय आहे. काळजी करू नको.

आई वडूजकडची, तोडून बोलणारी. आतून म्हणाली, "तू गप की रं जरा. तुजा आवाज मला रोजच ऐकू येतोय. त्येचा ऐकायचा हुता."

हे त्याला सांगावं की नाही, ते ठरेपर्यंत लाइन तुटली.