आधी मीटरवर संशय

बातमी आली तेव्हा माझा पहिला संशय फोनवर गेला. हमरापुरात आमच्या गणपतीच्या कारखान्यात जो फोन आहे, त्यात नेहमी दुसऱ्याच कुणाचं बोलणं मध्ये घुसतं. माझ्या भावजयीचा, सुनंदाचा भाऊ मुंबईच्या हॉस्पिटलातून सांगत होता, मोहन ऑपरेशननंतर शुद्धीवर आलाच नाही, आणि मी त्यालाच उलट विचारत होते... कोण मोहन? रोह्याचा का? बायकोचं नाव काय? बिचाऱ्याने सगळी उत्तरं दिली. मी गावाचं नाव विचारलं तेव्हा मात्र तो रडायला लागला. मग मला बसायला कुणीतरी स्टूल दिलं.

मोहन माझा धाकटा भाऊ. आम्ही पेणच्या खाडीकडचे, वडील मिठागरावर कामाला होते. संशय घेणं आमच्या घरातच आहे, पण मोहनने त्याची नोकरी केली. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. टाक्यांवरची, पाइपांवरची मीटर खरं दाखवतात की खोटं, हे बघायचं त्याचं काम. एसटीत चढताना बोर्ड वाचून, कंडक्टरला विचारून, पुन्हा शेजारच्या माणसाला विचारणारा हा माणूस. बोंबील घेताना कोळणीला इतकं छळायचा की ती म्हणायची, "दादा, तू घेव नको, पण आता उठ." मी एकदा त्याला विचारलं होतं, टाकीवरचा काटा थरथरायला लागला तर भीती नाही का रे वाटत? तो हसला. म्हणाला, "ताई, काटा हलला की आधी टाकीकडं धावायचं नाय. आधी मीटरवर संशय घ्यायचा. बहुतेक वेळा टाकी बरी असते, मीटरच येडा झालेला असतो." हे तो इतक्या वेळा म्हणायचा की सुनंदा भात करपला की म्हणायची, आधी मीटर तपासा.

दोनेक वर्षांपूर्वी त्याने रोह्याजवळ वरश्याच्या घरी कॉम्प्युटर घेतला. शिकायला म्हणून घेतला आणि विमानाच्या खेळात अडकला, चाळिशीतला बाप्या. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याने एक जॉयस्टिक आणली होती, मुठीत मावेल असा जाड काळा दांडा, विमान चालवायला. पण तिची पिन रुंद, जुन्या पद्धतीची, आणि त्याच्या कॉम्प्युटरला ती लावायची जागाच नव्हती. मागे होती ती नवीन आलेली यूएसबीची चपटी खाच. दुसरा कुणी असता तर दांडा माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. मोहनने नवीन पद्धतीचा एक खेळायचा पॅड फोडला, त्याच्या पोटातली हिरवी पट्टी काढली आणि ठरवलं की जुन्या दांड्याच्या तारा या पट्टीला जोडायच्या. बाहेरून डबी म्हणून प्रवासातली साबणाची डबी. जुना दांडा एका बाजूला, यूएसबीची वायर दुसऱ्या बाजूला. हे सगळं त्याने मला इतकं समजावून सांगितलं की मलाच संशय आला, याला माझ्याकडून काहीतरी पाहिजे.

पाहिजे होतंच. त्याला माझा हात पाहिजे होता. मी मूर्तींची आखणी करते, म्हणजे डोळे काढते. आमच्याकडे रंग कुणीही मारेल, डोळे एकच हात काढतो, आणि तो हात हलून चालत नाही. मोहन म्हणाला, "सोल्डरचे बारीक टाके हायत, तू मार. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय." मी मान डोलावली, पण मनात नोंद केली, कारण आदल्याच दिवशी या गृहस्थाने एसटीच्या तिकिटावरची बारीक अक्षरं भराभर वाचली होती. मी सोल्डरिंगची गन धरली, त्याने तारा दाखवल्या. तारेच्या रंगावरही त्याचा विश्वास नव्हता, लाल म्हणजे लाल हे त्याला मान्यच नव्हतं, एकेक तार मीटरला लावून आवाज ऐकल्याशिवाय तो पुढे जाऊ देईना. ब्रशाऐवजी गन, एवढाच काय तो फरक. टाके मी तिळाएवढे घातले. तेवढ्यात त्याने चहाचा कप उचलला आणि चहा बशीत सांडला. दोन्ही हातांनी धर की, मी म्हणाले. त्याने धरला.

त्या दिवसापासून मी त्याचं तोंड हुंगायला लागले. खरं सांगते, मला दारूचा संशय होता. तोंडाला बडीशेपेचा वास यायचा, आणि बडीशेप माणूस कशासाठी खातो ते आम्हा बायकांना कळतं. सुनंदाचाही तोच संशय. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, शिफ्ट सुटल्यावर सरळ घरी येत नायत. विचारलं तर म्हणतात, टीव्हीवाल्याकडं होतो." आम्ही दोघींनी मिळून त्या टीव्ही दुरुस्तीवाल्याची चौकशी केली. मोहन खरंच तिथे बसलेला असायचा. दुकानदार म्हणाला, "पार्ट बदलून नेतात हो. एकच पार्ट, परत परत." हे ऐकून तर आमचा संशय वाढलाच.

पार्ट कसला, तर दांड्याच्या खाली दोन फिरत्या चकत्या असतात, रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असते तशी. दांडा हलला की त्या फिरतात आणि विमानाला कळतं कुठे जायचं. मोहनचं विमान सरळ जात नव्हतं. पडद्यावर त्याचं नाक सारखं थरथरायचं. मोहनने आधी चकत्यांवर संशय घेतला, त्या धुतल्या, मग बदलल्या. मग दांड्याच्या स्प्रिंगवर. मग वायरवर, ती नवीन घातली. मग माझ्या टाक्यांवर, आणि तेव्हा आमचं भांडण झालं. मी गणपतीचे डोळे काढते, मी म्हणाले, आणि तुझ्या साबणाच्या डबीत मी कच्चं काम करीन? तरीही भिंग घेऊन माझा एकेक टाका तपासल्याशिवाय तो राहिला नाही.

मग एका रविवारी मी वरश्याला गेले होते. सुनंदा मागे कपडे वाळत घालत होती. मोहन खुर्चीत, दांडा मुठीत, विमानाचं नाक थरथरतंय. "आता लाइटचाच प्रॉब्लेम असणार," म्हणाला, "व्होल्टेज हलतंय." मला कंटाळा आला होता. मी म्हणाले, उठ, मला बघू दे. मी बसले, दांडा धरला... आणि विमान सरळ गेलं. समोर डोंगर होता, त्याच्यावरून गेलं, समुद्रावरून गेलं, नाक जराही हललं नाही. मला खेळता येत नाही, मी नुसता हात स्थिर धरला होता. मी खूश होऊन वळले तर मोहन पडद्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. हात मांडीवर होता आणि बोटं आपली आपण हलत होती.

"तुझ्या हातात चालतंय," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्याने एकदा, शेवटचं, वायर हलवून बघितली.

मुंबईला तपासण्या झाल्या. डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन करा, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि मोहनला तेवढं कारण पुरलं. तो डॉक्टरांवर संशय घ्यायला लागला, मशीनवर घ्यायला लागला, फोटो दुसऱ्याच कुणाचे असतील म्हणाला. थांबू या, म्हणाला. मी मे महिन्यात अडकले, आमच्याकडे तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, आणि फोनवर तो सांगायचा, हात सुधारतोय. सुनंदाही म्हणायची, सुधारतोय. मग एके दिवशी तो अंगणात पडला. सुनंदाने कुणाचं ऐकलं नाही, गाडी केली आणि त्याला नेलं. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा ती जेवत नव्हती. चहा, बिस्किट, एवढंच. रडतही नव्हती. शेवटी एका दुपारी तिने मला कॉम्प्युटरसमोर नेलं आणि बोलली. "ताई, हात सुधारला होता हो. मी रोज संध्याकाळी इथं बसून बघत होते. विमान एकदम सरळ जायचं. मला म्हणायचे, बघ सुनंदा, सरळ जातंय की नाय? आणि बऱ्या होत असलेल्या माणसाला मी उचलून नेलं. मी नेलं नसतं तर..."

मी दांडा हातात घेतला. विमान चाललं, पण मला काहीतरी खटकलं. मी डावीकडे वळवलं तर ते जरा थांबून वळलं, झोपेतून उठल्यासारखं. आधी असं नव्हतं. मला राहवेना. मी मुद्दाम हात हलवला, मोहनचा हलायचा तसा, बोटं थरथरवली... विमान सरळ. आणखी जोरात थरथरवली. तरी सरळ. सुनंदा माझ्या हाताकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होती.

मी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि साबणाची डबी तिच्यासमोर उघडली. माझे तिळाएवढे टाके होते तसेच होते. त्यांच्या बाजूला दोन छोटे कंडेन्सर बसवलेले होते, मी न बसवलेले. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, कंडेन्सर झटके गिळतो. हाताची थरथर तिथेच जिरते, पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांचे टाके शितासारखे लोंबलेले होते, एक भलतीकडेच सांडलेला, आणि डबीला गन लागून ठिकठिकाणी जळाल्याचे डाग. किती वेळ लागला असेल त्याला त्या हाताने, आणि घरात कुणी नसताना... त्याने सुनंदाला फसवलं की स्वतःला, ते मला अजून ठरवता येत नाही. मला दोन्हींचा संशय आहे.

सुनंदाने त्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हे तुम्ही नाय केलेलं?"

"नाय गो. हे त्याचे हायत."

"म्हणजे हात सुधारलाच नव्हता."

"नाय."

"मी नेलं नसतं तरी..."

"तरी," मी म्हणाले.

तिने डबी दोन्ही हातांनी धरली. मग, "लबाड कुठले," म्हणाली, आणि इतके दिवस अडलेलं रडणं एकदम फुटलं. मी तिला रडू दिलं. माझंही झालं रडून. नंतर ती उठली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात गेली. डब्यातून तांदूळ घेतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने आतून विचारलं, "ताई, दोघींना पुरेल ना एवढं?"